पॅप स्मिअरमधला ‘पॅप’ कोण? डॉ. पापानिकोलाऊ आणि त्यांच्या पत्नी मेरी यांची गोष्ट

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर कधी ‘पॅप स्मिअर’ लिहिलेलं असतं, तर कधी नुसतंच ‘पॅप’. हे कुठल्या तरी लांबलचक वैद्यकीय शब्दाचं छोटं रूप असावं, असं अनेकांना वाटतं. पण तसं नाही. पॅप हा एका माणसाच्या आडनावाचा तुकडा आहे. त्यांचं नाव डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ. जन्म ग्रीसमधला, काम अमेरिकेतलं. डॉक्टरकीची पदवी होती, पण आयुष्यातला बहुतेक काळ त्यांनी दवाखाना चालवला नाही. ते मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले.

ही तपासणी दिसायला अगदी साधी आहे. गर्भपिशवीच्या तोंडावरच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या थोड्या पेशी ब्रशनं किंवा चपट्या काडीनं घ्यायच्या, तपासणीसाठी काचपट्टीवर पसरायच्या, त्यांना रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. आधी पेशी बिघडतात आणि त्या बिघाडाचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं जातात. या मधल्या काळात बिघाड सापडला, तर तेवढाच भाग काढून टाकता येतो आणि कॅन्सर होतच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे शक्य नव्हतं. अंगावरून अवेळी रक्त जायला लागलं की बाई डॉक्टरकडे यायची आणि तोवर बऱ्याचदा फार उशीर झालेला असायचा.

मग हा मधला काळ पकडायची युक्ती सापडली कशी? त्यासाठी ग्रीसमधल्या एका बेटावर जावं लागेल.

वडिलांचा दवाखाना नको होता

जॉर्ज यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी इव्हिया बेटावरच्या कीमी या गावात झाला. वडील निकोलाओस डॉक्टर होते. मुलानंही डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. जॉर्ज यांचा ओढा संगीत आणि साहित्याकडे होता, ते व्हायोलिन वाजवायचे. तरीही त्यांनी अथेन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १९०४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून ते घरी परतले. आता मुलगा गावात दवाखाना थाटणार, असं घरच्यांना वाटत होतं. मुलाचा बेत वेगळा होता. त्यांना संशोधन करायचं होतं.

ते जर्मनीला गेले आणि म्युनिकमध्ये १९१० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता डाफ्निया या पाण्यातल्या बारीकशा जिवात नर आणि मादी कसे ठरतात, हा. बायकांच्या कॅन्सरशी याचा काही संबंध आहे असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर खुद्द जॉर्ज यांनाही पटलं नसतं.

त्याच वर्षी त्यांचं अँड्रोमाकी यांच्याशी लग्न झालं. त्या लष्करी अधिकाऱ्याच्या मुलगी. पुढे अमेरिकेत सगळे त्यांना मेरी म्हणू लागले, म्हणून इथेही मेरीच म्हणू. दोघं काही काळ मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संस्थेत राहिले. मग जॉर्ज यांच्या आईचं निधन झालं, बाल्कन युद्ध सुरू झालं आणि त्यांना पुन्हा सैन्यात डॉक्टर म्हणून जावं लागलं. तिथे अमेरिकेहून लढायला आलेले ग्रीक तरुण भेटले. त्यांच्याकडून अमेरिकेच्या गोष्टी ऐकून जॉर्ज यांच्या मनानं घेतलं की आपणही तिकडेच जायचं.

पाच डॉलर आठवडा

ऑक्टोबर १९१३ मध्ये हे जोडपं न्यू यॉर्कच्या बंदरावर उतरलं. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. खिशात कसेबसे अडीचशे डॉलर होते, म्हणजे देशात प्रवेश मिळण्यापुरते. डॉक्टरेट झालेल्या माणसाला आल्या आल्या कुणी प्रयोगशाळेची किल्ली हातात देणार नव्हतं.

गिंबल्स नावाच्या मोठ्या दुकानात मेरींना काम मिळालं. कपड्यांना बटणं लावायची, पगार आठवड्याला पाच डॉलर. त्याच दुकानात जॉर्ज गालिचे विकायला उभे राहिले आणि एकाच दिवसात त्यांनी ती नोकरी सोडली. मग ते हॉटेलात व्हायोलिन वाजवू लागले, एका ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनी करू लागले. घर या काळात दोघांच्या किरकोळ कमाईवर चाललं.

अखेर पाण्यातल्या त्या बारीक जिवावरचा जुना प्रबंधच कामी आला. न्यू यॉर्कमधल्या नामवंत जीवशास्त्रज्ञांना तो माहीत होता. त्यांच्या ओळखीनं जॉर्ज यांना आधी न्यू यॉर्क हॉस्पिटलमध्ये आणि १९१४ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात काम मिळालं. विभागप्रमुख होते चार्ल्स स्टॉकर्ड. मेरीही त्याच प्रयोगशाळेत आल्या. पगार मात्र एकट्या जॉर्जना होता.

गिनी पिगनं दिलेला सुगावा

स्टॉकर्ड यांच्याकडे गिनी पिगवर प्रयोग चालायचे. जॉर्ज यांना मादीच्या शरीरातली बीजं एका ठराविक अवस्थेत हवी होती. अडचण अशी की ती अवस्था नेमकी कधी येते, हे बाहेरून कळायचं नाही. मग अंदाजानं मादी मारायची आणि आत बघायचं. अनेकदा वेळ चुकायची आणि प्राणी वाया जायचा.

त्यांनी एक साधा तर्क लढवला. बाईला दर महिन्याला पाळी येते, ती दिसते. मग इतर सस्तन माद्यांच्या शरीरातही ठराविक काळानं काहीतरी स्रवत असणारच, फक्त ते इतकं थोडं असेल की नजरेला दिसत नसेल. माणसाचं नाक तपासायचं एक छोटं उपकरण आणून त्यांनी गिनी पिगच्या योनिमार्गातला स्राव घेतला आणि काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली ठेवला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण काचेवर पेशींची गर्दी होती. आणि ती रोज बदलत होती. काही दिवस एका आकाराच्या पेशी, काही दिवस दुसऱ्या. सुमारे सोळा दिवसांनी तेच चक्र पुन्हा सुरू.

१९१७ साली स्टॉकर्ड आणि पापानिकोलाऊ यांनी हे प्रसिद्ध केलं. आता प्राणी न मारता त्याच्या शरीरातलं चक्र वाचता येत होतं. काही वर्षांतच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी हीच पद्धत उंदरांवर वापरली आणि त्यातून इस्ट्रोजेन या हार्मोनचा छडा लागला. जॉर्ज यांनी कॅन्सरकडे वळूनही पाहिलं नसतं, तरी एवढ्या कामावर त्यांचं नाव टिकलं असतं.

मेरीची रोजची स्लाइड

पुढचा प्रश्न उघड होता. बाईच्या शरीरातही असंच चक्र दिसतं का? ते बघायला रोज नमुना देणारी बाई हवी. एक दिवस नव्हे, एक महिना नव्हे, वर्षानुवर्षं. १९१०-२० च्या दशकात असं विचारायचं तरी कुणाला?

जॉर्ज यांनी घरातच विचारलं. मेरींनी होकार दिला आणि सुमारे एकवीस वर्षं त्या स्वतःचा नमुना देत राहिल्या. निरोगी बाईच्या पेशी पाळीच्या कुठल्या दिवशी कशा दिसतात, हे जॉर्ज शिकले ते मुख्यतः या स्लाइड्सवरून. ते शिकल्याशिवाय बिघडलेली पेशी ओळखताच आली नसती. बरोबर काय ते माहीत असेल, तरच चूक कळते.

मेरी एवढंच करत नव्हत्या. प्रयोगशाळेत स्लाइड तयार करणं, प्राण्यांकडे बघणं, नोंदी ठेवणं, संध्याकाळी घर सांभाळणं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. दोघांना मूल नव्हतं. त्यांचं आयुष्य या कामाभोवतीच बांधलेलं होतं. शोधनिबंधांवर नाव मात्र जॉर्ज यांचं लागलं. आजच्या नियमांत हा प्रयोग बसणार नाही. संशोधक नवरा, नमुना देणारी बायको, मग संमतीला अर्थ किती, असा प्रश्न कुठलीही आचारसंहिता समिती विचारेल आणि तो योग्यच असेल. पण मेरींना केवळ ‘नमुना’ म्हणून बघणं हाही अन्यायच. त्या प्रयोगशाळेतल्या जाणकार सहकारी होत्या आणि काय चाललं आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

१९२८: कुणी लक्षच दिलं नाही

१९२५ पासून जॉर्ज यांनी न्यू यॉर्कमधल्या बायकांच्या एका रुग्णालयातल्या स्त्रियांचे नमुने पद्धतशीर तपासायला सुरुवात केली. त्यात काही नमुने गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या स्त्रियांचे होते. त्या काचांवरच्या पेशी वेगळ्याच होत्या. केंद्रक मोठं, गडद, वेडंवाकडं. निरोगी पेशी हजारो वेळा पाहिलेल्या माणसाला हा फरक लगेच खटकला. कॅन्सरच्या पेशी गळून स्रावात येतात आणि चाकू न लावता त्या सापडू शकतात, हे त्यांच्या लक्षात आलं.

जानेवारी १९२८ मध्ये मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावी भरलेल्या एका परिषदेत त्यांनी हे मांडलं. जागा मात्र चुकली. ती वंशसुधारणेची परिषद होती, म्हणजे ‘चांगली’ आणि ‘वाईट’ माणसं जन्मानं ठरतात असं मानणाऱ्यांची. तिथे वाचलेला निबंध कॅन्सरतज्ज्ञांपर्यंत नीट पोहोचला नाही आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांना पटला नाही. त्या काळातले पॅथॉलॉजिस्ट मांसाचा तुकडा कापून तपासायचे. तुकड्यात पेशींची रचना दिसते. सुट्या, विखुरलेल्या पेशींवरून एवढं मोठं निदान करणं त्यांना पोरखेळ वाटत होतं. शिवाय गर्भाशयमुखापर्यंत हात पोहोचतोच, तर सरळ तुकडाच का घेऊ नये, असा त्यांचा सवाल होता. त्यात तथ्यही होतं. पण तुकडा घ्यायला आधी संशय यावा लागतो आणि ज्या बाईला काहीच त्रास नाही तिच्यावर संशय कोण घेणार, हा मुद्दा त्यांच्याकडून सुटला.

इथे आणखी एका डॉक्टरचं नाव घ्यायला हवं. रोमानियात ऑरेल बाबेश यांनी स्वतंत्रपणे असंच काम केलं होतं. बुखारेस्टमध्ये त्यांनी ते १९२७ साली, म्हणजे जॉर्ज यांच्या वर्षभर आधी मांडलं आणि १९२८ मध्ये फ्रेंच नियतकालिकात छापलं. त्यांची पद्धत थोडी वेगळी होती. ते प्लॅटिनमच्या तारेनं थेट गर्भाशयमुखावरून पेशी घ्यायचे. रोमानियात आजही या शोधाचं श्रेय त्यांना दिलं जातं. बाकी जगाच्या तोंडी मात्र ‘पॅप’ हेच नाव बसलं, कारण जॉर्ज यांनी पुढची कित्येक वर्षं हा विषय सोडला नाही.

खरं तर मधली दहाएक वर्षं त्यांनी कॅन्सर बाजूला ठेवला होता. ते पुन्हा पाळीच्या चक्राकडे वळले आणि १९३३ साली स्त्रीच्या चक्रावर त्यांनी मोठा प्रबंध छापला.

दुसरा डाव

१९३९ मध्ये स्टॉकर्ड वारले. नवे विभागप्रमुख जोसेफ हिन्से यांनी जॉर्ज यांना कॅन्सरचं काम पुन्हा हाती घ्यायला सांगितलं. जोडीला स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राऊट आले. न्यू यॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा स्मिअर घ्यायचा, असं ठरलं. तक्रार कसलीही असो. यात ज्यांना कॅन्सरचं कुठलंही लक्षण नव्हतं अशा स्त्रियांमध्येही तो सापडू लागला. काही जणींमध्ये तर तो इतका सुरुवातीचा होता की डोळ्यांनी तपासून काहीच दिसत नव्हतं.

१९४१ मध्ये दोघांचा निबंध आला आणि १९४३ मध्ये पुस्तक. पेशींची रंगीत चित्रं हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकारानं काढली होती. दरम्यान १९४२ मध्ये जॉर्ज यांनी पेशी रंगवायची आपली पद्धत प्रसिद्ध केली. केंद्रक निळं-जांभळं, बाकीची पेशी तिच्या वयाप्रमाणे हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी. हा ‘पॅप स्टेन’ आजही वापरात आहे.

एक सुधारणा दुसऱ्याच माणसानं केली. जॉर्ज काचेच्या नळीनं योनिमार्गातला स्राव ओढून घेत. १९४७ मध्ये अर्नेस्ट एअर या कॅनडातल्या डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या चमच्यासारखी लाकडी काडी आणली. ती गर्भाशयमुखावर फिरवली की थेट तिथल्याच पेशी मिळू लागल्या. काम सोपं झालं आणि निदान पक्कं.

यानंतर मात्र चाक फिरलं. १९४९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सगळ्या स्त्रियांसाठी तपासणी मोहीम सुरू झाली. अमेरिकेत कॅन्सर सोसायटीनं प्रचार हाती घेतला. १९५५ ते १९९२ या काळात तिथले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त घटले. १९५० मध्ये जॉर्ज यांना मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. नोबेलसाठी नाव गेलं, पण नोबेल मिळालं नाही.

त्यांच्या दिनक्रमात यानं फरक पडला नाही. सुट्टी घेणं त्यांना जमत नसे. १९५४ मध्ये त्यांनी पेशींचा भलामोठा सचित्र कोश काढला. १९६१ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते नवी कॅन्सर संशोधन संस्था उभी करायला मायामीला गेले. तिथे तीनच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचं निधन झालं. त्या संस्थेला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. ग्रीसनं युरो येण्याआधीच्या आपल्या दहा हजार ड्राख्माच्या नोटेवर त्यांचा चेहरा छापला. मेरी त्यांच्यानंतर वीस वर्षं जगल्या. १९८२ मध्ये त्या गेल्या.

मग आपल्याकडे हे का घडलं नाही?

पॅप स्मिअर घ्यायला दोन मिनिटं लागतात. अवघड आहे ते त्यानंतरचं. स्लाइड वाचायला तयार डोळे लागतात. एका तपासणीत बरेच बिघाड निसटतात, म्हणून ती दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. रिपोर्ट आल्यावर त्या बाईला शोधून परत बोलवावं लागतं. श्रीमंत देशांनी ही साखळी उभी केली. भारतात ती शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांपुरतीच राहिली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी करून घेतल्याचं सांगितलं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जणी दगावतात.

लॅब नसेल तिथे काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन एक अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींच्या गर्भाशयमुखावर, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं द्रावण लावलं आणि एक मिनिटानं नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. मायक्रोस्कोपची गरजच नाही. या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीनं झाला. हा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं होतं. पुढे २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. धाराशिवमध्ये १ लाख ३१ हजार स्त्रियांचे चार गट केले. एका गटात विषाणूची तपासणी, एकात पॅप, एकात ॲसिटिक ॲसिड आणि एका गटात नेहमीचीच व्यवस्था. २००९ मध्ये निकाल आले. विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. पॅपच्या गटात मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही. जगभरातली धोरणं बदलण्यात या निकालाचा मोठा हात आहे. त्याच वेळी, उपाय ठाऊक असताना चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं, असा आक्षेपही घेतला गेला. संशोधकांचं म्हणणं होतं की त्या भागात नेहमीची व्यवस्था म्हणजेच तपासणी नसणं. हे वास्तव होतं, पण म्हणून हा आक्षेप खोटा ठरत नाही.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०१७ मध्ये पॅप सोडून एचपीव्ही तपासणी स्वीकारली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही पहिली तपासणी एचपीव्हीचीच असावी, असं सुचवलं. साधारण वयाच्या तिशीपासून सुरुवात करायची आणि दर पाच ते दहा वर्षांनी ती करायची. तिचा मोठा फायदा असा की नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. डॉक्टरसमोर तपासणीला संकोच वाटतो म्हणून टाळणाऱ्यांची अडचण यानं बरीच कमी होते. मुलींसाठी लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या भारतीय लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

एचपीव्ही तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. मग पुढे कुणावर उपचार करायचे आणि कुणाला थांबून बघायला सांगायचं? ते ठरवायला अनेक ठिकाणी आजही त्या बाईच्या पेशी काचपट्टीवर पसरतात, पापानिकोलाऊंच्या पद्धतीनं रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली ठेवतात.